बावीस सेकंद डोळे मिटा

आमच्या कंपनीनं एकच क्रेन तीन वेळा भिंतीच्या आत कोंडली. एकदा कोंडली तर चूक म्हणता येतं, दुसऱ्यांदा कोंडली तर नशीब म्हणता येतं. पण तिसऱ्या वेळी कोरेगाव भीमाला आपणच बांधलेली नवीकोरी भिंत आपणच पहारीनं फोडून क्रेन बाहेर काढत होतो, तेव्हा रस्त्यावरच्या जीपा बाजूला घेऊन लोक बघायला थांबले. एकानं मला विचारलं की ही क्रेन आत बांधली का? मी त्या साइटवर प्लॅनिंग इंजिनियर होतो. मी मान खाली घालून म्हणालो, हो, तसंच काहीसं.

ही गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. मी तळेगाव ढमढेऱ्याचा, डिप्लोमा करून नुकताच बाहेर पडलेला, आणि ही माझी पहिली नोकरी. कंपनी कारखान्यांची आणि गोदामांची पत्र्याची शेडं उभी करायची. ऑफिस आणि यार्ड शिरूरला, कामं मात्र नगर रस्त्यापासून सोलापूर रस्त्यापर्यंत कुठंही. मालकांना सगळे शेठ म्हणायचे. त्यांच्या वडिलांचा बैलगाड्या दुरुस्त करायचा धंदा होता. शेठनी त्यातून वर येत येत शेडांपर्यंत मजल मारली होती, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता.

क्रेन कोंडायचं कारण अगदी साधं होतं. आधी लोखंडी सांगाडा उभा राहायचा, मग गवंडी यायचे. गवंड्यांच्या हातात नकाशा असायचा, नकाशात भिंत असायची, भिंतीत नकाशातलं फाटक असायचं, आणि नकाशात क्रेन कुठंच नसायची. गवंडी दर साइटला नवे. सुपरवायझर नवा. काम संपलं की माणसं पांगायची, कुणी आपल्या शेतावर, कुणी दुसऱ्या कारखान्यात. मग पुढच्या साइटला पुन्हा कोरी पाटी. प्रत्येक शेड आम्ही जगातलं पहिलंच शेड असल्यासारखं बांधायचो. जे शिकलो ते त्या शेडाबरोबरच त्या गावात सोडून यायचो.

तिसऱ्या भिंतीनंतर शेठ पुण्याला एका हॉटेलात दोन दिवसांच्या सेमिनारला गेले. परत आले ते एक चामड्याची बॅग, एक जाड पेन आणि 'डायनॅमिक कॅपॅबिलिटी' हे शब्द घेऊन. सोमवारी सकाळी यार्डात सगळ्यांना जमवून त्यांनी त्याचा अर्थ सांगितला. काल जे येत नव्हतं ते कंपनीला आज आलं पाहिजे, आणि आज जे येतं ते उद्या विसरता कामा नये. मला आजही वाटतं, यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. बोलणं चुकीचं असतं तर आमची लवकर सुटका झाली असती.

त्यांच्या मागोमाग पुण्याहून सल्लागार आले. गोरेगोमटे, मृदू बोलणारे गृहस्थ, बुटांवर धूळ बसली की रुमालानं हलकेच झटकणारे. त्यांनी पडद्यावर अक्षरं दाखवायचं यंत्र आणलं होतं. यंत्राला वीज लागते आणि शिरूरला दर बुधवारी दिवसा वीज नसते. सल्लागार नेमके बुधवारी यायचे, कारण बाकीचे वार त्यांचे आधीच दिलेले होते. मग त्यातले प्लॅस्टिकचे पारदर्शक कागद आम्ही एकेक करून सूर्याकडे धरायचो आणि डोळे बारीक करून वाचायचो. गवंडी, वेल्डर, स्टोअरकीपर, सगळे ओळीत उभे, कागद पुढच्याकडे देत. वेल्डरनं आपली काळी काचही मधे धरून पाहिली, पण मग अक्षरं दिसेनात.

त्या कागदांतलं सार तीन शब्दांत होतं. बदल आधी ओळखायचा, संधी पकडायची, मग स्वतःला बदलायचं. शेठना ते इतकं आवडलं की यार्डाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर त्यांनी पेंटरकडून हातभर अक्षरांत लिहून घेतलं: ओळखा, पकडा, बदला. आठवडाभर शेजारच्या आळीतले लोक येऊन विचारत होते, चोरी कधी झाली आणि कुणावर संशय आहे.

पहिला प्रयोग अदलाबदलीचा झाला. माणूस एकाच कामाला चिकटला की कंपनी ताठर होते, म्हणून आठ दिवस प्रत्येकानं दुसऱ्याचं काम करायचं. साइटवरचा आचारी स्टोअरमध्ये गेला आणि स्टोअरकीपर चुलीपुढं बसला. आचाऱ्यानं बोल्ट आणि वॉशर मिठासारखे चिमटीनं वाटले. त्या आठवड्याइतकी सामानाची कमी नासाडी कंपनीत कधी झाली नव्हती. स्टोअरकीपरनं मात्र आमटीच्या प्रत्येक पळीला सही घेतली. ज्याला दुसरी पळी हवी त्यानं सुपरवायझरची मंजुरी आणायची. पाचव्या दिवशी वेल्डरांनी हत्यारं खाली ठेवली आणि ज्याचं काम त्याला परत मिळालं. सल्लागारांनी या प्रयोगाला पन्नास टक्के यश दिलं. कुठले पन्नास, ते कुणी विचारलं नाही.

त्यानंतर सगळ्यांची नजर मामांवर गेली.

मामा आमचे फोरमन. साठीला आलेले, काटक, खाकी पँट, वर पांढरा सदरा आणि डोक्याला गुंडाळलेला पंचा. शिरूरच्या मिशन कंपाउंडात त्यांचं घर होतं. लहानपणी मिशनच्या कार्यशाळेत सुतारकाम शिकले, पुढं लाकडाचं लोखंड झालं एवढंच. रविवारी मिशनच्या देवळात जायचे आणि उरलेले सहा दिवस कैच्या चढवायचे. कैची म्हणजे छपराचा तो लांबलचक लोखंडी त्रिकोण. शेडाच्या कामात सगळ्यात जोखमीचं काय असेल तर ती खालून उचलून दोन खांबांवर नेऊन बसवणं. मामांनी चढवलेली कैची कधी आपटली नव्हती, त्यांच्या हाताखाली कधी कुणाला खरचटलंही नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दूरच्या गावी नर्स. घरी थांबलो तर भिंतीशी बोलावं लागतं, असं ते म्हणायचे, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं रजाच घेतली नव्हती.

शेठचा मामांवर राग नव्हता. पण मामांना नुसती शिंक आली की कंपनीला ताप यायचा, आणि कारखानदार फोनवर शेठशी दोन मिनिटं बोलून मामा कधी येणार हे विचारायचे. मालकाला हे किती दिवस आवडेल? त्यातून दौंडजवळ एका मोठ्या गोदामाचं काम मिळालं आणि कोरेगावचंही अर्धवट होतं. कैच्या दोन ठिकाणी आणि मामा एक. तेव्हा सल्लागार म्हणाले की मामांच्या डोक्यात आहे ते फाइलीत आणा, मग मामा कितीही ठिकाणी असतील. हे काम माझ्यावर आलं. एक वही, एक स्टॉपवॉच, आणि मी.

नियम एकच होता, आणि तो सल्लागारांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. जे दिसेल ते लिहायचं. का, ते लिहायचं नाही. 'का' आला की मतं येतात आणि मतं आली की भांडणं होतात.

मी दोन महिने मामांच्या मागं फिरलो आणि जे दिसलं ते लिहिलं. मामा सकाळी वहाणा काढून ज्या जागी क्रेन उभी राहायची तिथं अनवाणी चालायचे. मग उघड्यावर चूल पेटवायला लावून चहा प्यायचे, तोही उभ्यानं. मग क्रेनच्या ड्रायव्हरशी भांडायचे. ड्रायव्हर बिहारकडचा, मोठा समजूतदार माणूस, तोही न चुकता भांडायचा. मग कैचीला वायररोप बांधून ती वीतभर उचलायला लावायची, तशीच अधांतरी ठेवायची, आणि मामा डोळे मिटून उभे राहायचे. बाकीचे गप्प. मी स्टॉपवॉच दाबायचो. सरासरी बावीस सेकंद आली. मग मामा डोळे उघडून म्हणायचे, हळू, वर. अशा एकूण अठरा पायऱ्या झाल्या, आणि डोळे मिटायची चौदावी होती.

नियम मोडून मी त्यांना कारणं विचारलीच. नाही विचारली असती तर मी डिप्लोमा कशाला केला? अनवाणी चाललं की भुसभुशीत जागा पायाला कळते, क्रेनचा पाय तिथं रुतणार हे आधी समजतं. चुलीच्या धुरावरनं वारं कळतं, म्हणून चहा उघड्यावर. भांडणाचं ते म्हणाले, जो मानूस उलटून बोलतो त्यो जागा असतो, जो गप ऐकून घेतो त्याच्या हातात क्रेन देऊ न्हाई. आणि डोळे मिटण्याचं विचारलं तेव्हा म्हणाले,

"येवढं लोखंड मानसांच्या डोक्यावर न्यायचं. त्याआधी कुणाला तरी इचारावं का न्हाई? आन् डोळं मिटलं की वायररोप काय म्हनतोय त्ये बी ऐकू येतं."

मी हे सगळं वहीत उतरवलं होतं, प्रत्येक पायरीच्या खाली कंसात. सल्लागारांनी लाल पेननं सगळे कंस खोडले. राहिलं ते असं: पायरी दोन, अनवाणी चालणे. पायरी चार, चहा घेणे. पायरी सहा, ड्रायव्हरशी भांडण. पायरी चौदा, बावीस सेकंद डोळे मिटा. मी भांडायला हवं होतं. पण माझा कच्च्या नोकरीचा काळ संपायचा होता आणि माझ्या घरी मी पहिलाच पँटला इस्त्री करून कामाला जाणारा होतो. मी गप्प बसलो. मामांच्या हिशेबानं माझ्या हातात क्रेन द्यायला नको होती.

फाइल टाइप होऊन, स्पायरल बांधून आली, तेव्हा शेठनी बैठक घेतली. दौंडची पहिली कैची या फाइलीवर चढेल. नवा फोरमन वरवंडचा एक उमदा गडी, पूर्वी ट्रॅक्टर चालवायचा, आवाज खणखणीत. मामा निरीक्षक म्हणून हजर राहतील, पण तोंड उघडणार नाहीत. एक शब्द जरी बोलले तरी परीक्षा रद्द आणि सगळं पूर्वीसारखं. पण परीक्षा पार पडली, तर सोमवारपासून मामांनी शिरूरच्या गेटवर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवायची. पगार तोच, मान तोच, उलट दगदग नाही, असं शेठ म्हणाले, आणि मला वाटतं ते मनापासून म्हणाले.

मामांनी फक्त गेटवर सावली आहे का, एवढं विचारलं. सगळे हसले. मला हसू आलं नाही. एसटीत बसून तळेगावला जाताना सारखं वाटत होतं की मी दोन महिने एका माणसाच्या मागं फिरून त्याला नोकरीवरून काढायचं पत्र लिहिलं, आणि त्यातला मजकूर त्यानंच मला सांगितला.

दौंडची साइट गावाबाहेर, तिन्ही बाजूंना ऊस. मार्चची सुरुवात, ऊस बराच तुटून गेलेला, दूरच्या एका रानात पाचट जाळत होते. सकाळी नऊला मंडप घातलेला होता. गोदामाच्या मालकांचे अधिकारी आले होते, शेठ आले होते, सल्लागार पारदर्शक कागदांचा गठ्ठा घेऊन आले होते. मामांना मंडपाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं आणि छातीवर 'निरीक्षक' असा बिल्ला लावला होता. मी माइकपुढं उभा, एका हातात फाइल, एका हातात स्टॉपवॉच. मी पायरी वाचायची, लोकांनी करायची, सल्लागारांनी बरोबरची खूण करायची.

पायरी दोनला मी अनवाणी चालणे असं वाचलं. फाइलीत कुणी चालायचं ते नव्हतं, म्हणून सगळेच निघाले. अधिकाऱ्यांना वाटलं भूमिपूजनासारखं काही असावं. त्यांनीही बूट काढले आणि मोजे हातात धरून ते सगळ्यांच्या मागून चालायला लागले. बाभळीचा काटा शेठच्या पायात गेला. तो काढेपर्यंत कार्यक्रम थांबला आणि त्याचीही वेळ सल्लागारांनी लिहून घेतली. जमीन कशी आहे हे कुणी पाहिलं नाही, पण जमीन तिच्या मनानंच घट्ट होती.

चौथी पायरी चहाची. चहा दौंड स्टेशनजवळच्या हॉटेलातून थर्मासातून आला होता, कारण तसा तो लवकर मिळतो. चूल नाही, धूर नाही. सगळ्यांनी फाइलीप्रमाणे उभ्यानं प्याला.

सहाव्या पायरीला नवा फोरमन क्रेनपाशी गेला आणि ताठ उभा राहिला. ड्रायव्हर तोच बिहारचा. त्यानं केबिनमधून वाकून अदबीनं विचारलं, "किस बात पर झगड़ना है?" फोरमननं माझ्याकडे पाहिलं. मी फाइल उलटीसुलटी केली. विषय दिलेला नव्हता. माइकवरून म्हणालो, कुठलाही घ्या. फोरमन बराच वेळ विचार करून म्हणाला की तू आज उशिरा आलास. ड्रायव्हर सर्वांच्या आधी आलेला होता. पण मंडपात एवढी मोठी माणसं बसलेली पाहून तो हात जोडून म्हणाला, "ग़लती हो गई साहब, माफ़ कर दीजिए." भांडण तिथंच संपलं. सल्लागारांनी मला हळूच विचारलं की याला भांडण धरायचं का. मी म्हटलं, धरा. त्यांनी खूण केली.

मी मामांकडे पाहिलं. ते हनुवटीखाली पंचा धरून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढच्या पायऱ्या नीट झाल्या. वरवंडचा गडी खरोखर चांगला होता. वायररोप बांधला, दोन्ही टोकांना दोर बांधून ते धरायला माणसं उभी केली, कैची वीतभर उचलली. ती साठ फूट लांब लोखंडी वस्तू जमिनीपासून अधांतरी झाली आणि एकदम सगळं शांत झालं. मी वाचलं, पायरी चौदा, बावीस सेकंद डोळे मिटा. आणि बटण दाबलं.

सगळ्यांनी डोळे मिटले. नव्या फोरमननं मिटले. दोर धरलेल्या माणसांनी मिटले. केबिनमधल्या ड्रायव्हरनं लिव्हरवर हात ठेवून मिटले. मंडपात शेठनी, अधिकाऱ्यांनी, सल्लागारांनी मिटले. सल्लागारांनी तर हातही जोडले. मला घड्याळ बघायचं होतं म्हणून माझे उघडे होते. आणि मामांचे उघडे होते, कारण निरीक्षकानं काय करायचं ते फाइलीत नव्हतं. त्या सबंध माळावर, अधांतरी लोखंडाभोवती, डोळे उघडे ठेवलेले आम्ही दोघंच.

सात सेकंद झाली. दूर जिथं पाचट जळत होतं, तिथला धूर इतका वेळ सरळ वर चालला होता. तो मधेच मोडला आणि जमिनीला टेकला. मग त्याच्या अलीकडच्या रानातला उभा ऊस आमच्या बाजूला वाकायला लागला, ओळीमागून ओळ.

मी मामांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. ते कैचीकडे बघत नव्हते, धुराकडेही नाही. माझ्याकडे बघत होते.

बारा सेकंद. पंधराव्या पायरीवर माझं बोट होतं. तिथं स्वच्छ टाइप केलेलं होतं: हळू वर घ्या. मी तोंड माइकजवळ नेलं आणि वाचल्यासारखं म्हणालो,

"पायरी पंधरा. कैची खाली ठेवा. दोर पक्के बांधा. कुणी जवळ थांबू नका."

सगळ्यांनी डोळे उघडले. बावीस पुरे झाले नाहीत अशी एक कुरकुर सल्लागारांनी केली, पण फाइलीचा हुकूम होता. ड्रायव्हरनं कैची लाकडाच्या ठोकळ्यांवर अलगद टेकवली, माणसांनी दोर खुंट्यांना आवळले आणि ती बाजूला झाली. आणि वावटळ आली. मंडपाचं कापड चार बांबूंसकट उठलं आणि शेठच्या डोक्यावरून गेलं. रिकाम्या खुर्च्या घरंगळल्या. कागदांचा गठ्ठा सुटला आणि बदल कसा ओळखावा, संधी कशी पकडावी हे सगळं चमकत चमकत उसावरून दौंड गावाच्या दिशेनं निघून गेलं. सल्लागार दोन पावलं मागं धावले आणि थांबले. कैची जागच्या जागी फक्त कण्हली. तीच जर वर, खांबांच्या उंचीवर असती, तर दोर धरलेल्या त्या माणसांचं काय झालं असतं, ते मला आजही मनात आणवत नाही.

वारं पडल्यावर मी पुन्हा वाचायला लागलो, आणि जेवणाआधी कैची दोन्ही खांबांवर बसली. शेठचा आनंद पोटात मावेना. फाइलीत वाऱ्याचीसुद्धा सोय आहे, असं ते अधिकाऱ्यांना पुनःपुन्हा सांगत होते. जिलेबी वाटली गेली. मामा माझ्यापाशी आले आणि त्यांनी नुसता हात पुढं केला. मी फाइल दिली. त्यांनी चष्मा लावून पायरी पंधरा वाचली, पान उलटून पाहिलं, परत उलटलं.

"हितं तर वर घ्या लिवलंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, मामा, मी आत्ताच शेठना सांगतो की ही पायरी फाइलीतली नव्हे. फाइल नापास झाली. तुम्हाला कुणी गेटवर बसवू शकत नाही. त्यांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली आणि आधी जिलेबी खा म्हणाले, गार झाली की चिवट होते.

दुसऱ्या दिवशी शिरूरला मी शेठच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. धूर, चूल, थर्मास, लाल पेन, सगळं. शेठनी फाइल उघडून पंधरावी पायरी स्वतः वाचली. मला वाटलं, आता उठून मला हाकलतील, आणि खरं सांगतो, मला ते चाललं असतं.

"म्हंजी फाइलीत न्हवतं," ते म्हणाले. "तरी तुला कळलं."

मी हो म्हणालो.

"कुणामुळं कळलं?"

"मामांमुळं."

शेठच्या तोंडावर असा काही उजेड पडला की मी घाबरलो. ते उठून टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग झालंच की काम. फाइल न्हाई शिकली, तू शिकलास. आता त्यांना उन्हात कशापायी उभं करायचं?"

मी बोलायचा प्रयत्न केला. एका वावटळीत शिकलो म्हणजे शिकलो असं होत नाही, मामांना अजून शंभर गोष्टी येतात, त्या मला विचारायच्यादेखील सुचलेल्या नाहीत, असं काहीबाही बोललो. शेठ म्हणाले, मग गेटवर जाऊन विचार, ते कुठं पळून चाललेत? पुढच्या बुधवारी सल्लागारांनी अहवालात लिहिलं की क्षमतेचं हस्तांतरण अपेक्षेपेक्षा लवकर पूर्ण झालं. पंधराव्या पायरीत मी म्हटलेलं वाक्य टाइप करून घातलं गेलं. त्यामुळं फाइलीप्रमाणे पुढं प्रत्येक साइटवर, वारं असो नसो, प्रत्येक कैची वीतभर उचलून, डोळे मिटून, एकदा खाली ठेवून, मगच वर जायला लागली. ती कंपनीची खासियत म्हणून पुढं पुष्कळ नावाजली गेली.

सोमवारी मी कंपनीच्या गाडीवरून यार्डात शिरलो तेव्हा मामा गेटवर होते. टेबल, खुर्ची, नोंदवही, दोरीनं बांधलेलं पेन. सावली नव्हती. डोक्याचा पंचा सोडून त्यांनी तो टेबलाच्या वर दोन खिळ्यांना ताणून बांधला होता आणि तो जेमतेम वहीपुरता पुरत होता. मी गाडी बंद केली. शेठना सांगितलं होतं ते सगळं त्यांना सांगितलं, आणि त्यातून उलटंच काय निघालं तेही. त्यांनी माझा नंबर बघून वहीत उतरवला, वेळ लिहिली.

मी म्हटलं, मामा, तुम्ही त्या दिवशी एक शब्द बोलला असता तर परीक्षा रद्द झाली असती. वावटळ तर तुम्हालाही दिसली होती.

"दिसली व्हती की," ते म्हणाले. "मी उठतच व्हतो. तोंड बी उघडलं व्हतं. तेवढ्यात तू वाचलंस, मंग बसलो."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. एक श्वासभर. मी एक श्वासभर थांबलो असतो, तर ते आज इथं नसते. हे त्यांना माहीत होतं आणि ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी काहीतरी फार चांगलं केलंय. मागं ट्रक येऊन उभा राहिला होता आणि हॉर्न वाजवत होता. मी सही केली आणि आत गेलो.